कॉफी येईपर्यंत

“आणि धंद्याचा विषय कॉफी येईपर्यंत अजिबात नाही,” रोसविथा प्यूरिंगरने खाणावळीच्या दारात पुन्हा बजावले. “कॉफी आल्यावरसुद्धा आधी साहेब विषय काढतील. मग तुम्ही.”

केल्डसन डेन्मार्कहून ऑस्ट्रियात गवत कापायच्या विळ्यांचा कारखाना विकत घ्यायला आले होते. पहिल्याच भेटीत कुणालाही नावाने हाक मारणारा मोकळा गडी.

“म्हणजे साहेबांना ‘हेर कोमर्त्सियालराट’ या मानाच्या पदवीनेच हाक मारायची, बायकामुलांची चौकशी करायची नाही, ग्लासला ग्लास लावताना डोळ्यांत बघायचं आणि वर गप्प बसायचं. रोसविथा, यापेक्षा लग्न जमवणं सोपं!”

तिला हसू आले नाही. कारखान्याच्या मालकांची, साहेबांची, सेक्रेटरी म्हणून आयुष्यभर तिने परक्या पाहुण्यांना हेच पढवले होते. पूर्वी साहेबांच्या रागापासून पाहुण्यांना वाचवायला, आता पाहुण्यांपासून साहेबांना वाचवायला. कारण साहेबांना आताशा काही आठवत नव्हते. कायद्याने अधिकार मुलीकडे गेला होता, तिची सहीही झाली होती. पण केल्डसनचा एकच हट्ट होता : म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘घ्या’ म्हणावे. नाहीतर सौदा रद्द. मग कारखान्याला कुलूप आणि अर्ध्या खोऱ्याच्या पोटावर पाय.

साहेबांना शेजाऱ्याने गाडीतून आणून सोडले. हिरव्या कॉलरचा कोट, चकचकीत बूट. त्यांनी वाकून रोसविथाचा हात ओठांपर्यंत नेला. “नमस्कार, बाईसाहेब.” एरवी ते तिला आडनावाने, ‘फ्राउ प्यूरिंगर’ अशी हाक मारत.

जेवण मात्र झकास चालले. उकडलेल्या गोमांसावर किसलेला झणझणीत मुळा घेत साहेब डोंगरावरच्या बर्फाबद्दल बोलले, पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढले. रीतभात हाडीमाशी मुरलेली, ती कुठे जाते! पण त्यांचा काटा मध्येच थांबला की रोसविथाचाही काटा थांबायचा.

कॉफी आली. केल्डसन शहाण्या मुलासारखे गप्प बसले. साहेबही गप्प. खिडकीबाहेर ट्रॅक्टर गेला. दुसरी कॉफी आली, तीही संपत आली. केल्डसन तिच्याकडे बघत होते. तिनेच घातलेला नियम, आता तोंड उघडायची चोरी. साहेबांनी निघण्यासाठी टोपीकडे हात नेला.

“हेर कोमर्त्सियालराट,” मालकाच्या आधी ती जन्मात पहिल्यांदा बोलली, “हे आपला कारखाना विकत घ्यायला आलेत.”

साहेब तिच्याकडे वळले. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

“असं होय? मग मला कशाला विचारता? ऑफिसात आमच्या फ्राउ प्यूरिंगर आहेत, त्यांना विचारा. त्यांना दाखवल्याशिवाय मी कधी सही केली नाही. त्या ‘द्या’ म्हणाल्या तर दिला.” मग ते तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, “तुम्ही भेटलाय का त्यांना, बाईसाहेब? फार तापट बाई. पण सोनं आहे.”

“ऐकून आहे,” रोसविथा म्हणाली. तिला फार रडू येत होते.

केल्डसननी कप खाली ठेवला. त्यांना सगळे समजले होते. आता हे सौदा मोडून उठतील, असे वाटून तिने टेबलाची कड घट्ट धरली. पण त्यांनी कोटाचे बटण लावले आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली नाही.

“तुम्हाला काय वाटतं, बाईसाहेब? त्या काय म्हणतील?”

“‘द्या’ म्हणतील.”

“मग घ्या!” साहेब खुशीत म्हणाले आणि त्यांनी तळाशी उरलेल्या वाइनचा ग्लास उचलला. तिघांचे ग्लास भिडले. साहेबांनी रीतीप्रमाणे तिच्या डोळ्यांत पाहिले, नव्या ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसे, सभ्यपणे. रोसविथानेही रीतीप्रमाणे नजर खाली केली नाही.