दीड व्होल्टचा आत्मा

"चाललं! अँटवीचं घड्याळ चाललं!"

रविवारी सकाळी सुआमेच्या गॅरेजवस्तीत ही बोंब उठली आणि फिटर हातातले पाने टाकून धावले. कोको-व्यापारी अँटवी आठ महिन्यांपूर्वी वारला होता. त्याची जुनी जर्मन गाडी प्रार्थनामंडपापुढे उभी होती. डॅशबोर्डवरचं, आठ महिने मेलेलं घड्याळ टिकटिक करत होतं.

प्रॉफेट न्यामेके पांढऱ्या झग्यात बॉनेटवर हात ठेवून गरजत होता. "बंधूंनो! हे घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर का मेलं? एका चेटकिणीनं अँटवीचा प्राण मुठीत धरला म्हणून! शुक्रवारी मी ती मूठ फोडली. आत्मा सुटला, घड्याळ सुटलं!"

"आमेन!"

मग त्यानं बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या दोन्ही तारा उपसल्या. "बॅटरी नाही. करंट नाही. मग चालवतंय कोण?"

"देव!" गर्दी ओरडली. एक बाई चक्कर येऊन पडली. पडताना तिनं डोक्यावरचं फडकं मात्र नीट सांभाळलं.

मी काचेजवळ वाकून बघितलं. घड्याळाचा मिनिटकाटा तबकडीवर सरळ बसलेला नव्हता, जरा एका बाजूला कलला होता. तो कल माझा होता. माझ्या हाताचा.

मी बादू, गाड्यांची वायरिंग करणारा. शाळा चौथीला सुटली, वाचायला शिकलो ते खोक्यांवरची अक्षरं लावून. मंगळवारी प्रॉफेटच्या मंडपातला एक पांढरा झगेवाला प्लास्टिकच्या पिशवीत घड्याळ घेऊन आला होता. "मास्टर, आतलं काढून सेलवालं बसव. तोंड जुनंच दिसू दे."

असं काम महिन्याकाठी दोनदा येतं. जुन्या यंत्रात गाडीच्या करंटनं दर दोन मिनिटांनी लोहचुंबक आतली पट्टी ओढतो, 'खट' वाजतं आणि स्प्रिंगला चावी बसते. बॅटरी मंदावली की आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी टोकं, जळतात आणि घड्याळ मरतं. मग भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र आणायचं, जुने काटे सैल होतात म्हणून पितळेची बारीक नळी घासून बसवायची. या वेळी नळी जरा तिरकी घासली गेली. झाकणाच्या आत खिळ्यानं नाव नि तारीख कोरली. काम परत आलं तर कुणाचा हात ते कळावं, ही आमच्याकडची रीत. गाडी कुणाची, हे मात्र मी विचारलं नाही. सुआमेत सुटा भाग येतो, सुटा भाग जातो. गाडीचं नाव कुणी विचारत नाही.

मंडपापासून दूर, कडुनिंबाखाली, दुफी मावशी स्टुलावर एकटी बसली होती. अँटवीची थोरली बहीण. आम्हा असांते लोकांत पुरुषाची चीजवस्तू बहिणीच्या घराकडे जाते. तिच्या होकाराशिवाय गाडी कुणाच्या नावावर होणार नाही. प्रॉफेटनं गाडी 'देवकार्याला' मागितली तेव्हा ती म्हणाली, "देवाला चाकं कशाला लागतात रे?" तिसऱ्या दिवशी ती चेटकीण झाली. तिच्या हातचं केंके, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, कुणी विकत घेईना. चाळीस वर्षं तिच्या पातेल्यातून जेवलेली माणसं रस्ता बदलू लागली. आज तर मंडपाआड व्हॅन उभी होती. उत्तरेकडे चेटकीण ठरवलेल्या म्हाताऱ्यांना नेऊन टाकायची जी झोपडवस्ती आहे, तिथं तिला पोचवणार होते.

मी पुढं झालो. "प्रॉफेट, बॅटरी काढलीत, छान. आता घड्याळही काढू."

"पवित्र वस्तूला हात लावलास तर हात झडेल!"

"झडू दे. ह्याच हातानं बनवलंय ते."

कुणीतरी हसलं. अँटवीची विधवा अफ्रियी ओरडली, "बादू, सकाळीच ढोसलीस काय?"

"नाही वहिनी. आज पहिल्यांदा शुद्धीत आहे."

दोन नट. घड्याळ हातात आलं, मागं एकही तार नाही. मी सेल काढला. काटा थांबला. घातला, चालला. पुन्हा काढला, पुन्हा थांबला.

"हा घ्या आत्मा. दीड व्होल्टचा. ट्रान्झिस्टरमध्येही बसतो, तिथं बातम्या सांगतो."

"सैतानानं तुझी नजर बांधलीय!" प्रॉफेट किंचाळला.

"आणि माझं नाव पण सैतानानंच कोरलं?" मी झाकण उघडून पुढच्या रांगेत दिलं. "वाचा. बादू. मंगळवारची तारीख. शुक्रवारच्या चमत्काराची मजुरी मंगळवारीच झाली होती."

मग मी अफ्रियीकडे वळलो. "वहिनी, अँटवीभाऊ गेला किती वाजता? हॉस्पिटलच्या कागदावर काय आहे?"

ती म्हणाली, "सकाळी साडेनऊ."

"मग चार-दहाला मेलं कोण?"

गर्दीतून एक म्हातारा फिटर खाकरला. "बॅटरी," तो म्हणाला. "माणूस गेल्यावर गाडी उभीच होती की."

प्रॉफेट आणि त्याचा झगेवाला गेले. मावशीसाठी आणलेल्या व्हॅनमधूनच गेले.

तुम्हाला वाटेल, मग लोक मावशीच्या पायाशी धावले. छे. एकेकजण पाने उचलून कामाला लागला. अफ्रियी मान खाली घालून घरी गेली. कडुनिंबाखाली कुणी गेलं नाही.

मी गेलो.

"मावशी, ते मी बसवलं होतं. कुणाचं, ते विचारलं नाही."

"कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली. "मला पण नाही." मग म्हणाली, "मला आज सकाळी गाडीजवळ उभी होते तेव्हाच कळलं होतं. 'खट' वाजत नव्हतं. अँटवी गाडीत बसून ऐकायचा ते. पण चेटकिणीचं कोण ऐकतं?"

जुनं यंत्र माझ्या डब्यात होतं. पॉइंट घासून, नवी बॅटरी जोडून मी ते परत बसवलं. तिच्याकडून केंके घ्यायला अजूनही कुणी येत नाही. रविवारी मी जातो. आम्ही अँटवीच्या गाडीत बसून जेवतो. दर दोन मिनिटांनी खट. ऐकायला आम्ही दोघंच.

वाचणाऱ्यांनो, मला गोड बोलता येत नाही. त्या गर्दीत दोनशे फिटर होते. जन्मभर बॅटऱ्या काढण्या-घालण्यात हात काळे केलेले. त्यातल्या एकालाही दोन नट सैल करावेसे वाटले नाहीत, आणि त्यापायी एक बाई जिवंतपणी गाडली जाणार होती. चमत्कार दिसला की 'आमेन' म्हणण्याआधी मागची बाजू उघडून बघा. कुणाला चेटकीण म्हणण्याआधी तिच्याशेजारी बसून तिला विचारा. आणि माझ्यासारखे कारागीर असाल, तर काम हातात घेताना आधी विचारा: गाडी कुणाची?