सांत्वनाचं जेवण

"सही करतो हो उस्ताद, पण आधी एक सांगा," पिप्पी म्हणाला. "आमच्याकडे मांस चिवट का राहतं?"

रविवारचा बाजार भरला होता. चर्चसमोर आमचं घडीचं टेबल होतं आणि त्यावर सह्यांचा कागद आणि बाबांच्या अक्षरातला फलक: घोड्यांची कत्तल थांबवा. फलकामागे बाबा बसले होते. याच चौकाच्या कोपऱ्यावर त्यांनी चाळीस वर्षं घोड्याच्या मांसाचं दुकान चालवलं होतं. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना उस्तादच म्हणत होतं.

"वाइन कधी ओततोस?" बाबांनी विचारलं.

"टोमॅटोबरोबर."

"गाढवा! आधी वाइन. ती उडून जाऊ दे, मग टोमॅटो. आणि आच इतकी मंद, की भांडं झोपलंय असं वाटलं पाहिजे."

"बाबा!" मी म्हणाले.

"काय बाबा? बिचारा घोडा मेलाच आहे, तर निदान वाया तरी जाऊ नये."

पिप्पी पोट धरून हसला. सही न करताच निघाला आणि जाता जाता माझ्याकडे वळला. "आणि तू गं, डोरा? तूही घोड्यांच्या पक्षात?"

"मी टेबल उचलायला येते," मी म्हणाले.

बाबाही हसले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. फलक वाऱ्याने कलला होता, तो सरळ करत बसले.

त्यांनी हे का सुरू केलं, हे मला कधीच कळलं नाही. औषधवाल्याला ते सांगत, घोड्यांना टोचतात ती औषधं माणसाच्या पोटात जातात. पाद्र्याला सांगत, पोलंडहून येणारे ट्रक एकदा उघडताना येऊन बघा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एक दिवस हात थांबला. पुढचं मलाही नीट सांगता येत नाही." मी जवळच्या लेच्चे शहरातल्या शाळेत इतिहास शिकवते. दोन्ही बाजूंचं हाताला लागेल ते वाचलं, आणि प्रत्येक पुस्तक मिटताना त्या पुस्तकाचं पटलेलं असायचं. लग्नाच्या जेवणात वाढपी आला की मी म्हणायचे, "बाबा खात नाहीत. मला वाढा."

तेही अगदी सोवळे होते असं नाही. एकदा समोरच्या असुंता मावशीकडे मी त्यांना रश्श्यात पाव बुडवताना पकडलं होतं. "रस्सा म्हणजे मांस नव्हे," ते म्हणाले आणि मिशा पुसून दुसरा तुकडा बुडवला.

त्या रविवारी आम्ही टेबल मिटलं, वाटेत कलिंगड घेतलं, आणि ते फार पिकलंय की नाही यावर घरापर्यंत वाद घातला. सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

आमच्याकडे मृताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात, त्या जेवणालाच सांत्वन म्हणतात. ते परत पाठवायचं नसतं. पहिला घास घरच्या माणसाने घ्यायचा, मग बाकीच्यांनी. आणि शेजाऱ्यांनीही साधंसुधं आणायचं नसतं. माणूस जितका मानाचा, तितकं जेवण मानाचं.

दफन करून आम्ही परतलो. पाहुणे टेबलाभोवती बसले, तेवढ्यात असुंता मावशी आणि तिचा भाऊ पिप्पी मोठं मातीचं भांडं दोन्ही बाजूंनी धरून आत आले. मावशीने झाकण काढलं. टोमॅटो, तमालपत्र, मिरची. भांड्यात काय आहे ते विचारायची गरज नव्हती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"पहाटेपासून बसलोय," पिप्पी म्हणाला. डोळे सुजले होते त्याचे. "आधी वाइन. उडू दिली. मग टोमॅटो. हलवलंही नाही गं, शपथ. उस्तादांनी सांगितलं तस्संच."

"याहून चांगलं गावात काय आहे?" मावशी म्हणाली. "कोसिमोला, तुझ्या बाबाला साजेसं."

तिने माझ्या ताटात वाढलं. मांस काट्यानेच सुटत होतं. सगळे थांबले होते.

टेबलाशी एकाच्याही मनात काही आलं नाही, की येऊनही ते गप्प होते, हे मला आजही कळलेलं नाही. थट्टा नव्हती, एवढं नक्की. पिप्पीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी खाल्लं असतं तर बाबांचा अपमान झाला असता का? की त्यांनीच म्हटलं असतं, वाया घालवू नकोस? मी त्यांना मनात विचारून पाहिलं, आणि मनातल्या बाबांनी दोन्ही उत्तरं दिली.

मी काटा उचलला. खाली ठेवला.

"मीठ कमी आहे का?" पिप्पीने घाबरून विचारलं.

"नाही पिप्पीकाका."

"मग खा ना पोरी," मावशी म्हणाली. "तू तर खातेस. बाबा खात नव्हते."

मी उठले. ताट दोन्ही हातांनी उचललं, भरल्या घरात तिच्यापुढे धरलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"मावशी, आमच्या घरात घोडा खात नाहीत."