चौथा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना क्यूआर कोड आहे. बसथांब्यामागच्या भिंतीवर मी पुरुषभर उंचीचा उभा आहे आणि माझ्या पोटात मोलाची माहिती साठवलेली आहे. गेल्या चार वर्षांत ती एकालाही बाहेर काढता आलेली नाही.

माझा जन्म काळजीतून झाला. चष्मेवाले काका तीस वर्षे मोठ्या रस्त्यावर दुकान चालवत होते. ती इमारत पाडायला काढली आणि दुकान तिसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर गेले. गिऱ्हाइके सगळी अधू नजरेची. दुकान समोर होते तेव्हाही त्यांना ते धड दिसत नसे. आता तर ते तिथे नव्हतेच. काका दिवसभर स्वतःच्याच काचा पुसत बसू लागले. "दोन महिने बघतो, नाहीतर कुलूप," असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या लेकीने संगणकावर मला तयार केले.

"बाबा, भिंतीवर हा कोड रंगवून घेऊ. लोक फोन धरतील, की आपल्या दुकानाचं पान उघडेल. पत्ता, वेळ, सगळं."

"आणि ज्याला फोनच दिसत नाही, तो?"

"तोच तर हवाय आपल्याला!"

काका पुन्हा काच पुसू लागले.

मला रंगवायचे काम पेंटरकाकांकडे आले. उभ्या जन्मात त्यांच्या हातून एक अक्षर वाकडे गेले नव्हते. तीन दिवस त्यांनी कागद बघून, आडवी पंचवीस आणि उभी पंचवीस घरे मोजून मोजून काळी-पांढरी केली. इतकी निगा फार थोड्यांच्या नशिबी येते. तिसऱ्या दिवशी ते चार पावले मागे सरले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन होते. चौथ्यात नव्हता.

"छापणाऱ्यानं गाळला वाटतं," ते भिंतीखाली बसून किल्ल्या बनवणाऱ्या मावशींना म्हणाले.

"असेल त्यांचं काहीतरी तसंच. विचारा की त्या पोरीला."

"विचारायचं काय त्यात? पलंगाला तीनच पाय दिसले तर तुम्ही विचारत बसाल का? चौथा लावायचा!"

आणि त्यांनी तो लावला. अगदी हुबेहूब.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्यापुढे फोन धरू लागले. जवळून, लांबून, मान वाकडी करून. पण तीन चौकोनांवरून कोड ओळखणारे फोन चौथ्यापाशी अडत, आणि पान काही उघडेना. कोणी म्हणे फोन जुना, कोणी म्हणे तुमचा हात हलतोय. एका आजोबांनी माझ्यापायी दोन बसगाड्या सोडल्या. चौथ्या दिवशी मावशींनी कानस खाली ठेवली.

"अहो आजोबा, चष्मेवाला हवाय ना? मग भिंतीला काय विचारताय, मला विचारा. तिसरी गल्ली, पिवळा जिना. पाचवी पायरी मोडकीय, कठडा धरा."

त्या दिवसापासून मावशी हे वाक्य किल्ली घासता घासता म्हणू लागल्या. लोक जिना चढू लागले. फोनला कोड दिसेना म्हणून स्वतःच्याच डोळ्यांचा संशय आलेले पाच जणही गेले. त्यांतल्या तिघांना खरोखर नंबर निघाला. "दुकान कसं सापडलं?" असे काका विचारत. "त्या भिंतीवरच्या कोडपाशी कळलं," असे लोक सांगत, आणि ते खरेच होते. दोन महिने संपले, कुलूप लागले नाही. काका लेकीला म्हणाले, "तुझा कोड चालला गं!"

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. पेंटरकाकांच्या हाताचा, मावशींच्या तोंडाचा. कुणी माझ्यावर कागद चिकटवला, तर मावशी तो ओल्या फडक्याने काढतात. तुम्हांलाही एवढेच सांगणे आहे: भिंती स्वच्छ ठेवा, आणि भिंतीखाली बसलेल्या माणसाला पत्ता विचारायला लाजू नका.

मागच्या आठवड्यात माझा रंग फिका पडला म्हणून लेक मूळ कागद घेऊन पेंटरकाकांसह आली. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग पेंटरकाकांकडे पाहिले.

"चौथा मी घातला," ते अभिमानाने म्हणाले.

तिने कागदावरच्या कोडवर फोन धरला. पान चटकन उघडले.

त्यावर पत्ता जुन्या दुकानाचा होता.