ठळक बातमी

"आजी, बाजूला सरा. इंजिनाचा नंबर झाकला जातोय," अंगद म्हणाला.

छबुबाई हलली नाही. गाडी जाऊ नये म्हणून ती इंजिनापुढं रुळातच फतकल मारून बसली होती. घाटनांदूरच्या अलीकडच्या वळणावर तिचा कळप रूळ ओलांडत होता, तेवढ्यात गाडी आली. नऊ मेंढ्या गेल्या. सहायक चालक खाली वाकून इंजिनाचे पाईप तपासत होता. मेंढ्यांकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.

"फोटू कावून काढायलास?"

"बातमी लावायचीय."

"मग भरपाई देत्याल का?"

अंगदनं मोबाईलवरून नजर काढली नाही. "बातमी वर लागली की समदं होतं, आजी. तुमी मेंढ्यांपाशी बसा."

छबुबाई उठली.

अंगदचं गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोक्यात रेल्वेचा नाद. असल्याच नादिष्टांची एक वेबसाइट होती. देशभरातून लोक तिथं बातम्या पाठवत. निवडलेली बातमी सगळ्यांच्या वर, ठळक लागे. अंगदची एकही कधी लागली नव्हती. फलाटावर नळ आला, गाडीला नवे डबे जोडले, सगळं त्यानं पाठवून बघितलं. निवड करणारा त्रिंबक पुण्यात बसून त्याला सगळ्यांदेखत विचारायचा, 'घाटनांदूरकर, आज फलाटावर कुत्रं झोपलं का?' लोक खिदळायचे. अंगदही खाली हसरा चेहरा टाकायचा.

छबुबाईनं मेलेल्या मेंढ्या एकेक ओढत आणल्या, रुळाच्या कडेला ओळीनं निजवल्या, त्यांच्या माना सरळ केल्या.

"समद्या आल्या का रं फोटूत?"

"आल्या."

त्यानं मोबाईल तिकडं वळवलाच नव्हता. रक्त दिसलं की त्या साइटवर फोटो बाद होतो.

भोंगा वाजला. छबुबाई "ओ साहेब, ओ साहेब" करत धावली, तोवर इंजीन तिच्यापुढून निघून गेलं होतं. डब्यांच्या खिडक्यांतून माणसं तिच्याकडं बघत गेली.

अंगदनं तिथूनच फोटो आणि बातमी पाठवली. त्रिंबकचा निरोप लगेच आला. 'झकास फोटो! मेंढ्यांच्या मालकाचं पूर्ण नाव, गाव टाका. त्याशिवाय ठळक लागणार नाही.'

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"छबुबाई."

"नवऱ्याचं?"

नवरा जाऊन वर्षं झाली होती. त्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. तिनं पदर पुढं ओढला.

"धोंडीराम," ती म्हणाली. मग चुकू नये म्हणून जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "धोंडीराम."

संध्याकाळी बातमी सगळ्यांत वर होती. लोकांनी इंजिनाच्या रंगाचं कौतुक केलं, ते कुठल्या शेडचं यावरून भांडणं झाली, गाडी किती खोळंबली याचा हिशेब झाला. एकानं लिहिलं, 'असल्या बाईला आत टाका.' दुसऱ्यानं नावागावासकट ती बातमी रेल्वेकडं धाडून दिली. अंगदनं दोघांचेही आभार मानले. त्रिंबकनं लिहिलं होतं, 'अभिनंदन, अंगदराव.' त्यातलं 'राव' अंगदनं बायकोला बोट ठेवून दाखवलं.

"अन् त्या म्हातारीचं काय?" संगीतानं विचारलं.

"तिच्यावरच तर बोलायलेत लोक."

आठवड्यानं रेल्वे पोलिसांची जीप दुकानापुढं उभी राहिली. अंगदनं शटर ओढलं आणि वाट दाखवायला पुढं बसला.

वस्तीवर हवालदारानं मोबाईल छबुबाईपुढं धरला. "ही बातमी तुमचीच का? छबुबाई धोंडीराम?"

"माहीच की," ती म्हणाली. "आलात एकदाचे."

"चला मग. साहेबापुढं सही करायची हाय."

"अंगठा चालंल का?"

हवालदारानं अंगदकडं बघितलं. अंगद बुटाची माती दगडाला पुसत होता.

छबुबाई आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. अंगदच्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"तुह्यामुळं झालं, लेकरा. पोटचा असता तर एवढं केलं नसतं."

ती जीपमध्ये मागं चढली. दोन बाकं रिकामी होती, तरी कडेला अंग चोरून बसली.

अंगद पुढच्या खिडकीशी वाकला.

"साहेब, कलम कंचं लागंल? बातमीत टाकायचंय."