मुलाखत संपण्याआधीचा नकार

या कंपनीत तरी नोकरी लागेल, या आशेवर नवखा प्रोग्रामर काचेच्या खोलीत दोन साहेबांसमोर बसला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तोंडात असतानाच त्याच्या फोनवर त्याच कंपनीचा मेल आला: ‘सखोल विचारान्ती आम्ही आपली निवड करू शकत नाही.’

त्याने फोन पुढे केला. थोरले साहेब ओशाळले. “अहो, हा मुलाखतीनंतर जायला हवा. आमची सिस्टीम जरा आगाऊच आहे!”

“बघू का?” म्हणत त्याने त्यांच्याच लॅपटॉपवर चूक शोधली आणि दुरुस्तही केली. देवमाणूस भेटल्यागत साहेब गहिवरले.

“मग माझ्या नोकरीचं?”

“तुझा निकाल तर कधीच गेला रे बाळा,” साहेब हळहळले. “पण पुढच्यांना नकार अगदी वेळेवर जाईल, तुझ्या कृपेने.”