नव्या कापडातली खळ

मधल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी धाकटी नवऱ्याचं घर कायमचं सोडून थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात एक पेटी आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, मी बसून खाणार नाही. मला रंगवायला शिकव."

थोरलीला कापड रंगवता रंगवता तेव्हा वीस वर्षं झाली होती. मागच्या अंगणात दोन चुली, तीन मोठी पातेली आणि वाळत घालायला चार दोऱ्या, एवढाच पसारा. पुडीतला रंग ती वापरत नसे. मुळं, साली, पानं गरम पाण्यात ठेवून जो निघेल तो रंग, आणि कापड सुती. तिला वाटलं, ही चार दिवस हौसेनं हात लाल करून घेईल आणि कंटाळेल.

शिकवायला तिनं घरातल्या जुन्या चादरी काढल्या. नवं कापड नासायचं कशाला? चादर तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवायची, म्हणजे तिला रंग धरतो. मग मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यात घालून मंद आचेवर तास दोन तास हलवत राहायची. पाणी उकळू द्यायचं नाही.

"उकळलं तर काय होतं गं?"

"लाल जातो नि चिखल होतो. तुझं लक्ष नसलं की भाजीचं होतं ना, तसं."

"माझ्या भाजीला नावं ठेवू नकोस. काल दोनदा मागून घेतलीस."

"भूक लागली होती, बये. दुसरं काय!"

धाकटीची पहिली चादर डागाळली, दुसरी फिकी आली. तिसरीपासून मात्र तिचा हात बसला. कापड ती अशी हलवायची, की पाण्याचा आवाजही होत नसे. तिसऱ्या महिन्यात टेलर मास्तर शिलाईचं कापड न्यायला आले. नेहमीचं गिऱ्हाईक. दोरीवर दोघींची कापडं शेजारी शेजारी वाळत होती. मास्तरांनी एक हातात धरून उजेडात पाहिलं.

"ताई, तुमचा हात लपत नाही हं. काय एकसारखा रंग आलाय!"

"ते तिचं आहे," थोरली म्हणाली.

"अरेच्चा! मग तुम्ही आता खुर्ची टाकून बसा नि हिला करू द्या."

तिघंही हसली. थोरली जरा जास्तच हसली. पण ते बोलणं तिला लागलं ते लागलंच.

पंधरा दिवसांनी मास्तर नव्या कापडाचं ठाण खांद्यावर घेऊन आले. नवं वाचनालय उघडणार होतं, त्याच्या खिडक्यांचे अठरा पडदे. "हे काम धाकट्या ताईंचं. तुम्ही मध्ये पडायचं नाही," असं थोरलीला बजावून गेले. धाकटीचा चेहरा असा उजळला, की नवऱ्याचं घर सोडल्यापासून तसा कुणी पाहिला नव्हता. हे काम नीट झालं तर वाचनालयाच्या खुर्च्यांचंही कापड मिळणार होतं. स्वतःच्या कमाईची खोली घेता आली असती.

ठाण टेबलावर उलगडलं होतं. थोरली हात धुऊन आली, तेव्हा तिच्या बोटावरून पाण्याचा एक थेंब कापडावर पडला. तो मुरला नाही. मण्यासारखा वर उभा राहिला. नव्या कापडात खळ असते, विणताना सुताला लावलेली. धुण्याचा सोडा घालून ते दोन तास उकळलं नाही, तर रंग आत शिरत नाही, नुसता वर बसून राहतो. जुन्या चादरींची खळ वर्षानुवर्षांच्या धुण्यात कधीच निघून गेली होती, म्हणून शिकवताना हा विषय निघालाच नव्हता.

"ताई, चादरीसारखंच करू ना?" धाकटीनं विचारलं. "काही राहिलं असेल तर आत्ताच सांग हं."

थोरलीनं अंगठ्यानं तो थेंब पुसला. "तुला सगळं येतं की आता," ती म्हणाली.

तिनं मनाशी ठरवलं होतं, एक पडदा बिघडू दे, ही विचारायला येईल, मग सांगू. पण ओल्या कापडावर काही दिसलं नाही, आणि वाळल्यावर जे थोडं दिसलं ते शिवताना चुण्यांत लपलं. अठराच्या अठरा पडदे लागले. लोकांनी वाखाणले. चार महिन्यांनी ते पहिल्यांदा धुतले, आणि मास्तर गाठोडं घेऊन परत आले. जागोजागी रंग सुटून पांढरे चट्टे पडले होते.

"आता मी कुठल्या तोंडानं जाऊ तिथे?" एवढंच मास्तर म्हणाले.

धाकटी पडदा मांडीवर घेऊन बसली. "ताई, माझं काय चुकलं?"

"पाणी जड असेल यंदा."

"मग त्याच पाण्यातल्या तुझ्या कापडाला काही कसं झालं नाही?"

"हात लागतो त्याला," थोरली म्हणाली. "सगळ्यांना नाही जमत."

धाकटी पुन्हा चुलीपाशी आली नाही. महिन्याभरात दुसऱ्या गावी एका लाँड्रीत कामाला लागली.

त्यानंतर नऊ वर्षांनी थोरली तिच्या खोलीवर गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. धाकटीच्या मनगटांवर इस्त्रीचे जुने डाग होते. चहा ओतता ओतता तीच म्हणाली, "लाँड्रीत पहिल्याच आठवड्यात कळलं मला, ताई. नव्या कापडात खळ असते म्हणून. उकळून काढावी लागते. तुला ठाऊक नव्हतं का गं?"

थोरलीच्या ओठांवर सगळं आलं होतं. "विसरले असेन," ती म्हणाली.

धाकटीनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "असेल," ती म्हणाली, आणि साखर पुढे सरकवली.

नंतर दोघी भावाच्या जुळ्या मुलींविषयी बोलल्या, गुडघ्यांविषयी बोलल्या. थोरली संध्याकाळच्या गाडीनं परतली. पुढच्या खेपेला सांगू, असं तिनं गाडीत ठरवलं. पुढची खेप झाली नाही. धाकटी त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, न्यूमोनियानं वारली.