उजवं शिंग

शिशिरने स्टुलावर चढून बैलाचा फोटो काढला, खाली उतरून काढला आणि मग थेट फरशीवर आडवा होऊन काढला. तिन्ही फोटो डाव्या बाजूने.

"उजवीकडूनही काढ ना एखादा," मंजिरी बेसनाची ठेठरी तळता तळता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तिकडून उजेड नाही."

खिडकी उजवीकडेच होती. मंजिरीने झारा हातात धरून एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि ती पुन्हा कढईकडे वळली. दहा वर्षांच्या संसारात कुठे तोंड घालायचं नाही, एवढं तिला कळलं होतं.

बैल ईराने केला होता. ईरा त्यांची मुलगी, वय वर्षं सात. मिक्सरच्या खोक्याचं धड, पेपरच्या लगद्याचं तोंड आणि वशिंड, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, शेपटीला आईच्या जुन्या परकराची नाडी. सामान सगळं भंगारातलं. पण मानेला पोरीने असा बाक दिला होता की ओझं ओढून दमलेलं जनावर समोर उभं आहे असं वाटावं.

आता बाप म्हटला की लेकीचं कौतुक असणारच. शिशिरने मात्र हद्द केली होती. नव्या रायपूरच्या त्याच्या सरकारी ऑफिसात ईराच्या करामती न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. आगपेट्यांची रेल्वे, नारळाच्या करवंटीचं कासव, टूथपेस्टच्या डब्यांची वस्ती, सगळं त्याच्या फोनमध्ये. चहा घेऊन येणाऱ्या लहानूला तर कासव आठ वेळा पाहावं लागलं होतं. फोटो दाखवताना शिशिरचं लक्ष फोटोकडे नसायचंच. तो समोरच्याचं तोंड बघत बसायचा. भुवया जरा वर गेल्या, की याचा दिवस सोन्याचा.

त्यालाही कारण होतं. शिशिरने स्वतःच्या हाताने जन्मात काही केलं नव्हतं. शाळेत त्याची चित्रकलेची वही शेजारचा मुलगा भरून द्यायचा. दिवाळीत पणत्या रंगवायला बसले की याला पाणी आणायला पिटाळायचे. छत्तीस वर्षांत फळीवर ठेवावी अशी एक वस्तू त्याच्या हातून झाली नव्हती, आणि त्याच्याच घरात ही चिमुरडी खोक्यातून बैल काढत होती. माणसाने हरखून जाऊ नये तर काय करावं?

उजव्या शिंगाची भानगड रविवारी झाली. ईराने डावं शिंग केलं. तारेवर कागद गुंडाळला, वर लगदा थापला आणि ओल्या बोटाने टोकापर्यंत निमुळता वळवत नेला. मग लगद्याची वाटी बापापुढे सरकवली.

"दूसरा आप बनाओ."

"मी? मले नाही येत बेटा."

"काहून?"

"लहानपणापासूनच नाही येत."

"तो मैं सिखाती हूँ ना. बसा."

शिशिर बसला. दीड तास बसला. पाणी कमी घ्या, दाबू नका, ऐसे नहीं, हल्के हाथ से, अशी पोरीची शिकवणी चालू होती. शिंग दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा जे उभं राहिलं ते सुकलेल्या कारल्यासारखं होतं. शिशिर ते गुपचूप मोडायला निघाला, तेवढ्यात ईराने ते हिसकावून बैलाच्या डोक्यावर पक्कं चिकटवून टाकलं.

आणि दोन दिवसांनी मराठी मंडळाची सूचना आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या तात्यापारा मोहल्ल्यात पोरांचा तान्हा पोळा भरायचा, लाकडी बैल सजवून पोरं मिरवायची. अलीकडे बैल सुतार करायचा, सजावट बाप करायचे आणि पोरं नुसती दोरी धरून उभी राहायची. म्हणून यंदा नवी स्पर्धा ठेवली होती: मुलांनी स्वतः केलेले बैल. मोठ्यांनी हात लावलेला चालणार नाही.

शिशिरने सूचना दोनदा वाचली.

"ईरा, उजवं शिंग नवीन करतेस का ग?"

"काहून? दो हैं ना."

मोडायचं म्हटलं तर पोरगी रडून घर डोक्यावर घेईल. मग त्याने झेंडूची जाडजूड माळ आणली आणि नेमकी उजव्या शिंगावरून सोडली.

"आणि कोणी विचारलं तर सांगायचं, सगळा मीच केला. हव?"

"हव," ईरा म्हणाली. ती चाकात अडकलेला दोरा काढत होती. तिने कितपत ऐकलं, देव जाणे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शिशिर सगळ्यांच्या आधी मंडळाच्या हॉलवर पोचला. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलांची रांग लागणार होती. त्याने भिंतीलगतचा शेवटचा कोपरा धरला आणि बैलाची उजवी बाजू भिंतीकडे केली. सत्तावीस नंबरची चिठ्ठी समोर ठेवली. हळूहळू हॉल भरला. मातीचे बैल आले, पुठ्ठ्याचे आले, एक भोपळ्याचाही आला. पण लोक थांबत होते ते कोपऱ्यापाशीच. "मान पाहा मान," असं कोणी म्हटलं की शिशिर उगाच छताकडे बघायचा. छाती मात्र शर्टात मावत नव्हती.

त्याचा शाळूसोबती सचिन आला. त्याच्या मुलाचा बैल लाकडी बैलांच्या रांगेत दिव्यांच्या माळांनी लुकलुकत होता.

"वा रे पठ्ठ्या! खरं सांग, किती दिवस सुट्टी टाकली?"

"मी? हातसुद्धा नाही लावला. शपथ!"

शपथ कोणी मागितली नव्हती. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ती ऐकली मात्र.

परीक्षक होत्या कौमुदीताई. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. गुडघे दुखत असूनही त्या प्रत्येक बैलासमोर फरशीवर बसत. सत्तावीस नंबरपुढे त्या बराच वेळ बसून राहिल्या.

"कुठे पाहिलास ग असा बैल?"

"गुढ़ियारी बाज़ार में. बोरे की गाड़ी थी. तो थकलेला होता," ईरा म्हणाली.

"दिसतंय ते. सगळा तूच केलास?"

शिशिर मागेच उभा होता. मुलीच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण तो हात कशासाठी असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. त्याने तो मागे घेतला.

"हव," ईरा म्हणाली. मग तिने बैलाकडे पाहिलं. मग बैलाच्या पोटाला धरून तिने त्याला गर्रकन फिरवलं आणि माळ उपटून बाजूला टाकली.

"ये वाला छोड़के. हे बाबांनी केलं."

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते विचारू नका. "अरे, शपथ घेतली होती याने आत्ता!" सचिन ओरडला आणि हसू दुप्पट झालं. शिशिरचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

ईराला वाटलं, लोकांना शिंग आवडलं. ती आणखी मोठ्याने बोलायला लागली.

"पहिल्यांदाच केलं त्यांनी! बनाना आता ही नहीं था उनको. मले येत नाही, मले येत नाही, करून राहिले होते. मग मी शिकवलं. दो बार टूटा, तरी उठले नाहीत!"

हसू हळूहळू ओसरलं. कौमुदीताईंनी शिंगावरून बोट फिरवलं.

"वाळायला किती दिवस लागले रे?"

प्रश्न आपल्याला आहे हे कळायला शिशिरला जरा वेळ लागला.

"तीन. पाणी जास्त झालं होतं."

"होतं सुरुवातीला," त्या म्हणाल्या आणि कागदावर सत्तावीस नंबरवर त्यांनी रेघ मारली.

ईरा वाकून कागदात डोकावली. "कट गया?"

"नियम आहे ना बेटा. मोठ्या माणसाने हात लावलेला नाही चालत."

ईराचा खालचा ओठ पुढे आला. पोरीने आठ दिवस खपून केलेला बैल, आणि तो गेला आपल्या कारल्यापायी. शिशिर गुडघ्यांवर खाली बसला.

"चूक माझी आहे, ताई. माळ मीच लावली. खोटं सांगायलाही मीच सांगितलं होतं तिला. तिचा बैल धरा तुम्ही. शिंग काढतो मी."

त्याने हात पुढे केलासुद्धा. ईराने बैल ओढून पोटाशी धरला.

"नाही! काढायचं नाही!" डोळ्यांत पाणी उभं होतं, पण बोट कौमुदीताईंच्या कागदाकडेच रोखलेलं. "मेरा नाम काट दो. बाबा का लिखो."

"बाबा मोठे आहेत ग."

"पर नये हैं ना!"

कौमुदीताईंनी चष्मा काढला आणि त्या तो पदराने पुसत बसल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. रेघ मात्र त्यांनी खोडली नाही.

बक्षीस भोपळ्याच्या बैलाला मिळालं. टाळ्या वाजल्या, ईरानेही वाजवल्या आणि दुसऱ्या मिनिटाला ती दोरी धरून दाराशी उभी. तान्ह्या पोळ्याला पोरं बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं मिळवतात. तिला आता त्याची घाई. माळ हॉलमध्येच राहिली. बैलाचं कारलं उघड्यावर मिरवत बाप-लेक गल्लीत शिरले. झाकणांची चाकं खडखडत होती. शिशिर दोन पावलं मागेच चालत होता.

पहिलं घर शारदाकाकूंचं. काकू ओवाळायला ताट घेऊन पायरीवर आल्या.

"अगंबाई, काय गोड बैल! कोणी केला ग?"

ईरा बोलेना. तिने बापाच्या मांडीला कोपर मारलं. तरी तो गप्प, म्हणून आणखी एक मारलं.

शिशिरने घसा साफ केला.

"बैल ईराने केला, काकू," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "उजवं शिंग मी केलं."

काकू ताट सांभाळत वाकल्या आणि शिंग नीट न्याहाळू लागल्या. ईरा बैलाकडे बघतच नव्हती. दोन्ही हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून, ती काकूंच्या तोंडाकडे बघत उभी होती.